देवळापाशी सुटलेलं स्टिअरिंग

"गाडी भंगारातच जाणार," विमा कंपनीच्या तपासनीस बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्या चेपलेल्या गाडीलाच विचारलं, "तू स्वतःच चालत होतीस ना? मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग का सोडलंस?"

"मारुतीचं देऊळ आलं," गाडी म्हणाली. "काका चालवायचे तेव्हा तिथे दोन्ही हात सोडून नमस्कार करायचे. त्यांचं बघूनच शिकले."

"अहो, संस्कार आहेत ते!" गाडीचे मालक टिकेकरकाका कौतुकाने म्हणाले.

"संस्कारांचा विमा नसतो, काका. दावा नामंजूर!"

पुरावा म्हणून गाडी कंपनीच्या विनाचालक टोइंग व्हॅनला जोडली. बाई व्हॅनमध्ये ऐटीत बसल्या. वाटेत गाडीच्या आणि व्हॅनच्या छान गप्पा रंगल्या.

मारुतीचं देऊळ दिसताच व्हॅनने भक्तिभावाने स्टिअरिंग सोडलं.