उसने केस

“उसने नेलेत गं पाखरांनी. पिल्लं उडाली की आणून देतील परत.”

गॅलरीतल्या वेलाशी बसून, डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधून, ती लेकीला असं म्हणाली होती. वेलाला तेव्हा नुकती कुठे पालवी फुटत होती. औषधांनी केस मुठीमुठीने गळत होते. उरलेले तिच्या नवऱ्यानेच उतरवले. खालच्या आपल्या सलूनचं शटर ओढून घेऊन, तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवून. ते केस तिने वर आणून वेलावर पसरले, आणि ठकूने केस कुठे गेले विचारलं तेव्हा हसत हसत हे सांगून टाकलं. नवऱ्याला वाटलं, चला, पोरीचं समाधान झालं.

आज तो आवाज त्याच्या कानात परत वाजला, कारण स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर, त्या वेलातलं घरटं ठेवलेलं होतं.

शाळेतल्या बाईंनी प्रकल्प दिला होता. पाखरांनी सोडून दिलेलं घरटं आणायचं, चिमट्याने हलक्या हाताने उकलायचं, जे जे निघेल ते पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि त्याच्याखाली लिहायचं, पाखराने हे कुठून आणलं. पिल्लं उडाली तरी लगेच हात लावायचा नाही, अशी बाईंची ताकीद होती. ठकू थांबली. रोज वेलाखाली उभी राहून कानोसा घ्यायची. आज दुपारी बाबाने स्टुलावर चढून घरटं काढून दिलं आणि दुकानातला चिमटाही दिला.

ठकू ओठ मुडपून कामाला लागली होती. बाहेरच्या काड्या निघाल्या, मग वाळकं गवत, कोळ्याच्या जाळ्याचे तुकडे, समोरच्या शिंप्याकडचा हिरवा दोरा. प्रत्येकाची कुळकथा ती बाबाला ऐकवत होती, आणि बाबा डिंकाची बाटली धरून हूं हूं करत होता.

“तुझ्या दुकानातला एक पण केस नेला नाही त्यांनी,” ती म्हणाली. “तू फार बारीक कापतोस. त्याचं काय विणणार ती?”

बाबाला हसू आलं. किती दिवसांनी. आणि तेवढ्यात चिमट्याने घरट्याची आतली वाटी उकलली.

आत केस होते. लांब, काळे, गोल गोल फिरवून बसवलेले. बाबाने बोट लावून पाहिलं नाही. सगळ्या गल्लीची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली. कुणाचा केस राठ, कुणाचा मऊ, हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. आणि हा केस तर त्याने रोज सकाळी शेजारच्या उशीवरून उचलला होता.

ठकूने पुठ्ठ्यावर एक चौकट आखली. खाली लिहिलं, ‘आईकडून’. वर मात्र काहीच चिकटवलं नाही. फुंकर मारून गवताचा भुगा उडवत, एकेक केस सोडवत, ती ते कागदी पाकिटात भरू लागली.

अगं, चौकट रिकामी राहील, बाई मार्क कापतील, बाबा म्हणाला. कापू देत, ठकू म्हणाली. पाखरं आता या घरट्यात येणार नाहीत, असं बाईंनीच सांगितलंय. त्यांचं काम झालं. मग उसनं परत नको करायला?

तिने पाकिटाचं तोंड दोनदा दुमडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“रविवारी दवाखान्यात जाशील तेव्हा आईला दे. मला नको नेऊस, पण हे ने.”

दर रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि बागेतल्या बाकावर बसून परत यायचा. ठकू मावशीकडून घरी आली त्या दिवशी तिने दारातच विचारलं होतं, आई कुठाय? त्याच्या तोंडून निघून गेलं, मोठ्या दवाखान्यात. मावशीने मान खाली घातली. शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. सगळ्यांनीच त्याला सांभाळून घेतलं. उद्या सांगू, उद्या सांगू, म्हणता म्हणता वेलाची फुलं येऊन गळूनही गेली.

त्याने पाकीट घेतलं. हातात काही आहे असं वाटेचना.

“कमी भरले तर रागावू नको म्हणावं. पिल्लांनी तुडवलेत,” ठकू म्हणाली. “आणि डोक्याला तूच लावून दे हं. तुला केसांतलं कळतं.”

‘देतो’ हा शब्द सवयीने ओठांवर आलाच होता. तो खुर्चीवरून उठला आणि तिच्या पायांशी जमिनीवर बसला, तिला मान वर करून आपल्याकडे बघावं लागू नये म्हणून.

“हे परत घ्यायला आता आई नाही, ठकू,” तो म्हणाला. “तू मावशीकडे होतीस ना, तेव्हाच ती गेली.”