हॉर्नस्विकहून आलेलं पत्र

उज्ज्वलने घाईघाईने कॉम्प्युटरवरचं पान बंद केलं, तोवर दादाराव मागे येऊन उभे राहिले होते.

"काही नवीन फोटो?"

"नाही बाबा. तेच जुने."

उज्ज्वल तसा खोटं बोलण्यात कच्चा. आंग मो किओ भागातल्या कंपनीत सर्किट तपासणारा माणूस, दुसऱ्याची बारीकशी चूकही नजरेतून सुटायची नाही. पण आत्ता त्याने जे पाहिलं होतं, ते वडिलांना दाखवायची त्याची छाती नव्हती.

इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावांचे जुने फोटो आणि आठवणी लोक त्या वेबसाइटवर टाकत. चोआ चू कांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोन महिने दुसरा विषय नव्हता. दादाराव तरुणपणी, साठच्या दशकात, हॉर्नस्विक नावाच्या गावी इंजिनियर म्हणून तीन वर्षं नोकरीला होते. कड्यावरच्या घरांच्या रांगेत मिसेस हॉलरॉयड यांच्याकडे भाड्याने राहत. जात न विचारता आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्या टेबलाशी बसवून जेवू घातलं, ते त्या घरात. हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही भरून यायचा.

मार्चमध्ये त्यांची बायपास झाली. शुद्धीवर आल्यावर ते पहिलं बोलले ते हेच, की एकदा हॉर्नस्विकला जायचंय.

तेव्हापासून उज्ज्वल त्यांना त्या गावाचे फोटो छापून देत होता. दादाराव ते सालाप्रमाणे लावत. भिंग घेऊन बसत, फोटोवर पट्टी ठेवून घराच्या फाटकापासून कड्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजत आणि वहीत टिपून ठेवत. इंजिनियरची खोड जाणार थोडीच, असं म्हणून त्यांची सून राणी हसायची. एका फोटोत सातआठ वर्षांची एक मुलगी फाटकावर बसलेली होती. ती पेगी, मिसेस हॉलरॉयडची मुलगी. दादारावांनी तिला मराठीतून आकडे शिकवले होते, पण सातानंतर ती थेट दहावर उडी मारायची. तो फोटो ते फार वेळ हातात धरत नसत.

आणि आता हे नवीन पान. तोच कडा, तीच पायवाट, फक्त घरं नाहीत. खाली एवढंच लिहिलेलं, की ही सगळी रांग समुद्राने नेली.

मनाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. राणीचं म्हणणं पडलं की खरं ते सांगून मोकळे व्हा, तिकीट काढून नेऊन त्यांना रिकामा कडा दाखवणार आहात का. उज्ज्वलला पटत होतं, पण धीर होत नव्हता. जेवताना दादारावांनी ऑगस्टमध्ये हॉर्नस्विकला जाण्याचा विषय काढला. त्या घरचं कुणी साइटवर लिहितं का तेही बघ, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लंचच्या सुट्टीत त्याने पेगीच्या नावाने एक ईमेल खातं उघडलं आणि स्वतःलाच पत्र पाठवलं. घर अजून आहे, आईची खोली तशीच आहे, मात्र यंदा दुरुस्ती चालू असल्याने येण्याची दगदग करू नका. शेवटी लिहिलं, मला अजूनही मराठीत सातापर्यंत मोजता येतं. ही ओळ सुचली तेव्हा त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. मग लाज वाटली.

संध्याकाळी त्याने पत्र छापून वडिलांच्या हातात दिलं. त्याचा दुसरा हात खिशातल्या, बाबांच्या हृदयाच्या गोळ्यांवर होता. दादारावांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"घर आहे म्हणते," ते म्हणाले.

"हो बाबा."

त्यांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि पाणी मागितलं. तिकिटाबद्दल बोलले नाहीत. उज्ज्वलचा जीव भांड्यात पडला.

पण जीव फार वेळ तिथे राहिला नाही. पुढचे चार दिवस दादारावांनी फोटोंना हात लावला नाही. धड जेवले नाहीत. त्यांनी फोन नंबर मागितला तर काय सांगायचं, उत्तर लिहायला बसले तर काय करायचं, या धास्तीने उज्ज्वलचं कामात लक्ष लागेना. ऑफिसातून तो दिवसात तीनतीनदा घरी फोन करायचा आणि बाबांची तब्येत कशी आहे विचारायचा.

रविवारी सकाळी राणी बाजारात गेली होती. दादारावांनी त्याला खाली इमारतीपुढच्या बाकावर बोलावलं. पत्र त्यांच्या हातात होतं. आता लपवण्यात अर्थ नाही, हे उज्ज्वलला कळून चुकलं.

"बाबा, मी तुम्हाला फसवलं. ते घर आता नाही."

"माहीत आहे. ते पडलं तेव्हा मी तिथेच होतो."

उज्ज्वलने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"पत्र तू लिहिलंस, माझ्या काळजीने लिहिलंस. मी रागावलेलो नाही," दादाराव म्हणाले. "पण घर पडलं तेव्हा पेगी आत झोपली होती. ढिगाऱ्यातून तिला मीच बाहेर काढलं. तेव्हा ती गेलेली होती. मिसेस हॉलरॉयड वाचल्या. मी त्यांना शोधतोय."

मग उज्ज्वलने विचारलं, "त्यांना भेटून काय सांगायचं होतं तुम्हाला?"

"कडा दर महिन्याला किती ढासळतो, ते मोजून कळवायचं काम माझं होतं. घर पडलं त्या महिन्यात थंडी फार होती. मी बाहेर पडलोच नाही. तिच्या आईने केलेला चहा पीत, खोलीत बसून अंदाजानेच आकडा लिहिला."