राखणीची डबी

हिवरखेडच्या शालिकरामांस बिनखिडकीची गार खोली प्राणाहून प्रिय होती. परंतु जमिनीतून झिरपणारा, गंधहीन, फुफ्फुसांस घातक रेडॉन वायू तेथे साचतो काय, हे तपासण्यासाठी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकाबाईंनी चैत्रात वायू मोजणारी एक डबी टांगली होती. वायू जास्त आढळल्यास भिंत फोडून खिडकी काढायची, असे सुनेने ठरवले होते. मग उजेडात दुपारची झोप कसली! भर वैशाखात बाई डबी नेण्यास आल्या आणि त्यांनी विचारले, “डबी जागची हलवली नाही ना?” “हलवल्याबिगर कसं जमन, बाई?” पत्नी पार्बताबाई अभिमानाने वदल्या. “कुबट होईन म्हणून रोज कुरड्यांसंगं गच्चीवर ऊन दाखवलं तिले!” बाई खळखळून हसल्या. “आजी, ही तर तुमच्या गच्चीची तपासणी झाली!” त्यांनी आणखी महिनाभरासाठी नवी डबी टांगली; तोवर खिडकीचा बेत लांबला. “हिची राखण मीच करीन,” म्हणत शालिकरामांनी तत्काळ डबीखाली अंथरूण पसरले.