काळी चिकटपट्टी

डॉक्टरांनी आईच्या पिवळ्या डोळ्यांत बॅटरी मारत विचारलं, “आजी, पाणी उकळून पिता ना?” मी मान खाली घातली. लोकांच्या घरचे वॉटर फिल्टर बदलणं हाच माझा धंदा. दिवसाला आठ घरं तरी होतात. आईच्या घरच्या पाण्याच्या मशीनचा, फिल्टर बदला म्हणून सांगणारा लाल दिवा मात्र तीन महिने लुकलुकत होता. “अरे, येतोस ना बघायला?” ती रोज फोन करायची. शेवटी एकदा वाकडी वाट करून गेलो. जवळचे फिल्टर गिऱ्हाइकांकडेच संपले होते. तिची भुणभुण तरी थांबेल म्हणून दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. काळ्या मशीनवर ती ओळखूसुद्धा येईना. नवा फिल्टर पुढच्या आठवड्यात बसवणार होतो, ते राहूनच गेलं. आई डॉक्टरांकडे बघून कौतुकानं हसली. “अहो, उकळायचं कशाला? माझा लेक यातलाच माणूस आहे. त्यानं हात लावल्यापासून दिवा एकदाही लागलेला नाही.”