नव्या पुलाखालची होडी

"मावशी, आता होडी पुलाखालून बाहेर घ्या," पुलाचे इंजिनीअर विश्वजित साहेब म्हणाले, आणि तिथंच जाईबाईच्या मनात पाल चुकचुकली.

तोवर सगळं बरं चाललं होतं. खारघरच्या अलीकडं, नदी खाडीला मिळते तिथं हायवेचा नवा पूल उभा राहिला होता आणि आज त्याची परीक्षा होती. रेतीनं गच्च भरलेले डंपर वर आणून मधोमध उभे करायचे आणि पूल किती वाकतो ते खालून बघायचं. त्यासाठी पुलाच्या पोटाला घड्याळासारखी एक तबकडी लावली होती. तिचा काटा वाचायला साहेबांना होडी हवी होती, आणि होडी म्हटली की गावात जाईबाईचीच.

"बाहेर कनाला?" तिनं विचारलं.

"नियम आहे. गाड्या वर येताना खाली माणूस नको."

"आन् वर मानूस चालतो?"

साहेब हसले. जाईबाई हसली नाही. सगळ्यात पुढच्या डंपरवर तिचा पोरगा ज्योतिबा होता. एकुलता एक.

"ड्रायव्हर गाडी लावून लगेच उतरतात, मावशी."

"लावंपर्यंत?"

साहेबांनी हेल्मेट काढलं, आतून पुसलं, परत घातलं. जाईबाईनं नांगर उचलला आणि धप्पकन पाण्यात सोडला.

"बसा सायेब. पूल पक्का हाय ना? मंग पोऱ्या वर, आय खाली, आन् तुमी आयशीच्या जोडीला."

"मावशी, उगाच टेन्शन देऊ नका. शंभर वर्षं हलणार नाही हा पूल."

हे बोलायला नको होतं. जाईबाईनं हनुवटीनं शेजारचा जुना पूल दाखवला. तो झाला तेव्हा माणसं पार नेणारी तिच्या सासऱ्याची होडी बंद पडली होती. आता त्यालाच तडे गेले होते आणि जड गाड्यांना तो बंद होता.

"त्याच्या येलेलापन सायेब हेच बोललेला. शंभर वर्षं! माज्या सासऱ्याच्या होडीत बसून बोलला, असाच, तुमच्या जागंवर. आन् उठायला गेला तो पान्यात."

"मग?"

"मंग काय? पायात बूट. पायात बूट असला का ही नदी मानूस सोडत नाय. खालच्या खांबाशी खेकडा हाय, बैलगाडीएवढा. त्याला चामड्याचा वास लय आवडतो. सासऱ्यानं केस धरून वर वढला सायबाला, खेकडा खालून बुटाला धरून खेची. शेवटी बूट खाली गेलं, सायेब वर आला. उंची मात्र वीतभर वाढली त्याची. बायकोनं वळखलं नाय, घरात घेतलं नाय."

ही थाप तिनं बोलता बोलताच रचली होती. साहेब हसले खरे, पण मग त्यांनी हळूच वाकून पाण्यात बघितलं. जाईबाईला आणखी चेव आला असता, पण तेवढ्यात साहेबांच्या हातातला वायरलेस खरखरला. वरून कुणीतरी विचारत होतं, गाड्या सोडू का?

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, नांगराच्या दोराकडं बघितलं. दोर तिच्या मांडीखाली होता.

"सोडा," साहेब म्हणाले.

पहिला डंपर पुलावर चढला तसा आवाज आधी पाण्यात आला. होडीच्या फळ्या थरथरल्या. पुलाच्या सांध्यातून बारीक रेती जाईबाईच्या कपाळावर पडली. तिनं ती पुसली नाही. मान वर करून ती पुलाच्या त्या करड्या पोटाकडं बघत राहिली. डंपर कुठवर आला हे तिला नुसत्या आवाजावरनं कळत होतं. "हळू रं बाबा," ती पुटपुटत होती, "हळू." एकामागून एक डंपर आले, मधोमध थांबले, इंजिनं बंद झाली. काटा जरासा सरकला होता. साहेब तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होते. वरून दारं आपटल्याचे आवाज आले, पोरांचं हसणं आलं. त्यात ज्योतिबाचं हसणं तिनं बरोबर वेगळं काढलं.

बऱ्याच वेळानं डंपर मागं गेले. दोघंही तबकडीकडं टक लावून बसले.

"परत आला काटा?"

"आला. होता तिथं आला!" साहेबांचा आवाज पोरासारखा फुटला. "बघितलंत? उगाच संशय घेत होतात!"

जाईबाईनं मोठा श्वास सोडला. मांडीखालचा दोर काढला आणि नांगर ओढायला खाली वाकली. आणि तशीच थांबली.

साहेबांचे बूट फळीवर काढून ठेवलेले होते. शेजारी शेजारी, आत मोजे कोंबलेले. साहेब अनवाणी होते आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती.

खेकड्याची गोष्ट तिचीच होती. पण बूट साहेबांनी काढले होते.

तिनं होडी काठाला लावली. ज्योतिबा धावत खाली आला, होडीला हात लावत म्हणाला, "काय गं आये, काय बोलला सायेब? पक्का हाय ना पूल?"

"पक्का हाय," जाईबाई म्हणाली. "पन एक ऐक माजं. या पुलावर गाडी घातलीस ना, की चपला काढून बसत जा."

आईला पुलाखाली देवी दिसली असणार, असं ज्योतिबाला वाटलं. त्यानं तिथंच चपला काढल्या आणि नव्या पुलाला हात जोडले. मागून आलेल्या ड्रायव्हरांनी त्याला बघितलं आणि एकेकानं चपला काढल्या.

साहेबांनी घाईघाईनं बूट चढवले. नाड्या मात्र बांधल्या नाहीत.