मत्सराची लस

ऋजुता महिनाभर तिच्या प्रियकराकडे, योहानकडे, राहायला चालली होती आणि तिचा नवरा, कौस्तुभ, तिची बॅग भरत होता.

"रक्तदाबाच्या गोळ्या बाजूच्या कप्प्यात आहेत," तो म्हणाला. "आणि योहानला आपलं लिंबाचं लोणचं आवडतं ना? बरणी घातलीय."

नेदरलँड्समधल्या या उट्रेक्ट शहरात आता सगळेच असे राहत. मत्सराची लस शाळेतच टोचत आणि दर पाच वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागे. एकाच माणसाला आयुष्यभर धरून बसणाऱ्यांबद्दल मुलं इतिहासात वाचत आणि हसत. कौस्तुभचा शनिवार त्याच्या प्रेयसीचा, मार्खरीटचा असे. त्या दिवशीच्या त्याच्या शर्टाला इस्त्री ऋजुताच करून देई.

यंदा मात्र तिने लस चुकवली होती. दवाखान्याची तिन्ही स्मरणपत्रं तिने ड्रॉवरमध्ये दडवली होती. गेल्या शनिवारी तोच शर्ट हातात घेताना तिच्या काळजात चर्र झालं. वीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं होतं आणि ते दुखणं सांगावं असं शहरात कुणी नव्हतं.

योहानशी तर ती दिवाळीपासून बोललीही नव्हती. तिला कुठेच जायचं नव्हतं. जाते म्हटल्यावर कौस्तुभचा चेहरा कसा होतो, एवढंच बघायचं होतं.

"मी परत आलेच नाही तर?" तिने विचारलं.

कौस्तुभचे हात थांबले. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याने खरंच विचार केला, मग कपाट उघडून तिचा जाड स्वेटर काढला.

"मग हाही ने," तो मायेने म्हणाला. "हिवाळ्यात लागेल."