हात पोचणार नाही इतकं लांब

"टबात बसलेल्याला स्विच दिसला पाहिजे, पण त्याचा हात तिथवर पोचता कामा नये!" वायरमन दाजींवर डाफरला. "नियम आहे तो. माझ्या ताईच्या जिवाला घोर नको."

गच्चीतल्या नव्या गरम पाण्याच्या टबाशेजारीच दाजींना स्विच हवा होता. त्यानं तो भिंतीवर चांगला लांब बसवला, तेव्हा दाजी फणफणत खाली निघून गेले.

त्यानं स्विच चालू केला, आणि पाठ वळताच तो खट्कन बंद झाला.

हात लावून पाहिला, तर ओला!

"दाजी, हा चावटपणा पुरे हं!" तो जिन्यातून ओरडला.

"अरे, ओरडतोस काय?" खालून ताईचा आवाज आला. "ते इथं माझ्यासमोर चहा पिताहेत."

तो मागे वळला. टबात अजून पाण्याचा थेंबही भरला नव्हता. फरशी कोरडी होती. पण टबाच्या काठापासून भिंतीवरून एक ओला पट्टा निघाला होता आणि थेट स्विचपर्यंत गेला होता.

घाबरायचं सोडून त्याचं डोकंच सणकलं. आपल्या कामात कुणी ढवळाढवळ केलेली त्याला खपत नसे. त्यानं स्विच उपटला, वायर ओढत गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली आणि तिथं तो पुन्हा ठोकला.

"आता पोच बघू!" रिकाम्या टबाकडे बघत तो खेकसला.

मग टबाकडे पाठ करून तो शेवटचा स्क्रू आवळू लागला. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून काहीतरी ओलं, कोमट, सावकाश पुढे सरकलं.

स्विच खट्कन बंद झाला, तरी ते सरकतच राहिलं.